चार आण्यांचा रुमाल आणि बाईची दुपार

प्रवासाला फारसं सामान नको. जवळचा चष्मा असेल तर घ्या. मोबाइल घरीच ठेवा. जिथं जायचंय तिथं एका हातात सुई आणि दुसऱ्यात कापड असणार, तो धरायला तिसरा हात तुमच्याकडे नाही. नियम एकच: भरतकाम केलेलं काहीही हाती आलं की आधी उलटं करून बघायचं. सुलट बाजू पाहुण्यांसाठी असते. बाईकडे वेळ किती होता, दोरा किती होता आणि घाई कुणाला होती, हे उलट बाजूला कळतं.

चला.

पुणे, १९१२

सेवासदनातला शिवणाचा वर्ग. सतरंजीवर बायका ओळीनं बसल्यात आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून तुम्ही. या मुक्कामावर तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा निवांत बघा.

अगदी समोर विशीतली एक बाई मान खाली घालून बसली आहे. अंगावर विधवेचं आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. घरात तिला अक्का म्हणतात. चेहरा लक्षात ठेवा, ती पुढेही भेटणार आहे. तिच्या मांडीवर साधा पांढरा रुमाल आहे, कुणीही नाक पुसून खिशात कोंबावा असा. त्याच्या कोपऱ्यात ती गुलाब काढतेय. फूल माळायची जिला मुभा नाही ती दुसऱ्यांच्या रुमालांवर फुलं काढतेय, हे तुमच्या मनात येतं. तिच्या मनात येतंय की नाही, सांगता येत नाही. तिचं सगळं लक्ष पाकळीच्या कडेवर आहे.

ही संस्था तीनच वर्षांची आहे. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं ती पुण्यात उभी केली. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. इथं येणाऱ्यांत विधवा पुष्कळ, नवऱ्यानं टाकलेल्याही आहेत. बाईला लिहिता-वाचता यावं आणि चार पैसे स्वतःच्या हातानं मिळवता यावेत, एवढा सरळ हेतू. याच शहरात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हापासून मुलींना इंग्रजी-गणित किती शिकवायचं आणि शिवण-स्वयंपाक किती, यावर वर्तमानपत्रांतून खडाजंगी चालू आहे. एका बाजूला शिवण म्हणजे सुगृहिणीचं लक्षण, दुसऱ्या बाजूला शिवणापलीकडेही मुलीला डोकं आहे हा आग्रह. या सतरंजीवर मात्र शिवणाचा अर्थ फार व्यवहारी आहे. इथं टाका घातला की त्याचे पैसे मिळतात.

शिकवणाऱ्या बाई फिरत फिरत अक्कापाशी येतात. रुमाल उचलतात, गुलाबाकडे बघतही नाहीत, उलटा करतात.

“गाठ मारलीस?”

“हो.”

“उसव.”

अक्का मुकाट्यानं उसवायला लागते. बाई तिच्याशेजारी टेकतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात: गाठ बोटाला टोचते, इस्त्री फिरवली की सुलट बाजूनं उठून दिसते आणि धुण्यात सुटली तर अख्खी ओळ घेऊन सुटते. दोरा सुरू करताना दोन बोटं मोकळा सोडायचा. टाके घालून झाले की ते मोकळं टोक सुईत ओवायचं आणि त्याच टाक्यांच्या खालून फिरवून कापायचं. कापडाला कळताही कामा नये की दोरा कुठं सुरू झाला आणि कुठं संपला.

संध्याकाळी नग मोजले जातात. अक्काचे सगळे रुमाल पसंत पडतात. हातावर पडलेली नाणी ती पदराच्या टोकात बांधते, दोनदा आवळून. कापडावर मारायची नाही ती गाठ इथं बरोबर जागी बसते. तुम्ही जरा वाकून बघाल तर तिचे ओठ हलताना दिसतील: अमुक रुमालांचे अमुक पैसे, म्हणजे एका रुमालाला एवढे, आणि एक रुमाल करायला जेवणानंतरचा सगळा वेळ. आपल्या दुपारची किंमत तिला आज पहिल्यांदा कळली आहे.

मुंबई, १९४४

बत्तीस वर्षं पुढं या. गिरगावात मुगभाटाजवळची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. अक्का भावाच्या संसारात राहते. आलवण कधीच गेलं, आता पांढरं पातळ आहे आणि नाकावर चष्मा. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतोय आणि गॅलरीतल्या दोऱ्यांवर वाळत घातलेलं एकही कापड धड वाळत नाही.

कापडाबद्दल या घरात सध्या फार जपून बोललं जातं. लढाई चालू आहे. परळ-लालबागच्या गिरण्या अहोरात्र धडधडतायत, पण त्यांतलं कितीतरी कापड खाकी होऊन फौजेकडे जातं. बाजारात उरलेलं इतकं महागलं की १९४३ च्या जूनमध्ये सरकारला कापड आणि सुताच्या नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. आता ताग्यावर किमतीचा शिक्का असतो. धान्याचं रेशनिंग मुंबईत त्याआधी महिनाभरच सुरू झालं होतं. आणि यंदाच्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळ्याच्या त्याच जहाजावर कापसाच्या गाठी होत्या. आग लागली ती त्या कापसाला. चाळीत त्या दिवशीच्या हादऱ्याच्या गोष्टी अजून रोज नव्यानं सांगितल्या जातात.

भावाची सहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात रडवेली उभी आहे. गॅलरीच्या कठड्याच्या खिळ्याला अडकून तिचा फ्रॉक फाटलाय, पोटावर, अगदी समोर. नवा मिळणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

“आण इकडं,” अक्का म्हणते.

आधी रफू. फाटीच्या दोन्ही बाजूंनी थोडं पुढपर्यंत उभे धागे, मग एक वर एक खाली असे आडवे. सुईनं केलेलं छोटं विणकामच. पण पांढऱ्यावर पांढरं केलं तरी डाग दिसतोच, आणि अक्काकडे पांढरा दोराही पुरेसा नाही. ती पेटीतून फाटक्या लुगड्याचा काठ काढते. लुगडं विरलंय, पण काठातलं सूत अजून शाबूत आहे. एकेक धागा ती सावकाश ओढून काढते, दोन-तीन एकत्र पिळते, सुईत ओवते. मग रफूच्या बरोबर वर साखळी टाक्याची पाच पाकळ्यांची फुलं काढते: एक मोठं, दोन लहान, खाली एक देठ. तीन फुलं झाली की फाटलं कुठं होतं ते शोधावं लागतं.

बंगालात कांथा भरणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या हेच करत आल्यात. जुन्या साड्या एकावर एक ठेवायच्या, काठातलं सूत काढायचं आणि त्याच सुतानं त्या भरायच्या. आपल्याकडची गोधडी काय वेगळी आहे? त्याच जुन्या साड्या, तोच धावदोरा, चौकोनात चौकोन. फरक एवढाच की गोधडीला कुणी भरतकाम म्हणत नाही. ती पाहुण्यांसमोर येत नाही ना! आली तरी पाहुण्याला पांघरायला येते.

मुलगी फ्रॉक घालून गॅलरीत पळते. तिला थांबवून फ्रॉकाची आतली बाजू बघा. उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी आणि तिच्यावर काठाच्या सुताच्या तांबूस रेघा, एकही गाठ नाही. या कामाचे पैसे अक्काला कुणी दिले नाहीत आणि तिनंही मागितले नाहीत. घरच्या कामाला कोण पैसे देतं?

मुंबई, मे १९५८

इथं मुक्काम मोठा आहे आणि आता तुम्ही सगळ्यांना दिसताय. आजपासून तुमचं वय सोळा. सुट्टीसाठी चिपळूणहून मामाकडे आलात. खोली तीच. १९४४ सालची फ्रॉकवाली मुलगी आता वीस वर्षांची झालीय आणि नात्यानं तुमची ताई लागते. पुढच्या रविवारी तिला बघायला येणार आहेत. त्यामुळे तुमचं स्वागत आंब्यानं होतं आणि लगेच पाठोपाठ हातात पिशवी पडते.

“चल गं माझ्याबरोबर. कापड आणायचंय,” मामी म्हणते.

काळबादेवीच्या रस्त्यानं ट्रामच्या खडखडाटातून तुम्ही मंगळदास मार्केटात शिरता. मामीला मांजरपाट हवंय, उशांचे अभ्रे आणि ट्रेवर घालायचा रुमाल करायला. दुकानदार लोखंडी गजावर वार मोजतो आणि नव्या पैशात भाव सांगतो. नवे पैसे येऊन वर्ष झालंय, १ एप्रिल १९५७ पासून ते चलनात आहेत, पण मामीचं डोकं आण्यांतच चालतं. पंचवीस नवे पैसे म्हणजे चार आणे, इथपर्यंत दोघांचं जमतं. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, इथं भांडण होतं. वरचा पाव कुणी खायचा?

मग दोऱ्याचं दुकान. काचेखाली लडी मांडल्यात, लालाच्या किती छटा! डी. एम. सी. चा दोरा फ्रान्समधल्या म्युलूझ गावाहून येतो. १७४६ सालापासूनचं ते घराणं, प्रत्येक छटेला त्यांचा स्वतःचा नंबर. एका लडीत आठ मीटर दोरा, सहा पदरी. पण गेल्या वर्षापासून परकीय चलनाचा तुटवडा आहे, बाहेरून येणाऱ्या मालावर सरकारनं कडक बंधनं घातलीत, आणि दुकानदार परदेशी लड दाखवताना आवाज खाली आणतो. मामी बोटं मोडून हिशेब करते.

“लाल एकच द्या. हिरव्या दोन. फुलं थोडी आहेत, पानं फार.”

घरी आल्यावर सुईला हात लावायचा नाही. आधी कापड रात्रभर पाण्यात. सकाळी बादलीतलं पाणी गढूळ झालेलं दिसेल. ती गिरणीतली खळ. ती निघाली की कापड हलकं होतं आणि आटतंही. न भिजवता भरलं तर पहिल्या धुण्यात कापड आटेल, दोरा आटणार नाही आणि मोराच्या पोटाला सुरकुत्या पडतील. लाल दोऱ्याचीही परीक्षा होते. त्याचा तुकडा ओला करून अक्का पांढऱ्या चिंधीत दाबून ठेवते. चिंधी गुलाबी झाली तर लड परत.

नक्षी शेजारच्या बिऱ्हाडातून येते. पातळ कागदावर उतरवलेला मोर, घड्या पडून पडून विरलेला. याच मोराचे भाऊबंद मजल्यावरच्या निम्म्या उशांवर बसलेत. खाली कार्बन पेपर, वर कागद, आणि बोथट पेन्सिलीनं गिरवायचं. हात कापडावर टेकवू नका, निळा डाग पडला तर अक्का काही बोलणार नाही, फक्त बघेल. दुसऱ्या अभ्र्यावर मामीला इंग्रजीत ‘गुड नाइट’ हवंय, कारण समोरच्यांच्या उशीवर आहे. मामीला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं समोरच्यांच्या उशीवरून अक्षरं नक्षीसारखी उतरवून आणलीत, आणि त्यांतला एन उलटा आहे. तुम्ही सोळा वर्षांच्या, शाळेत इंग्रजी शिकताय. सांगायचं का? आधी समोरच्या उशीकडे बघा. तिथंही एन उलटाच आहे. चाळीत तो आता तसाच चालतो.

दुपारी दोन वाजता चाळ शांत होते. पुरुषमंडळी हापिसात, पोरं जिन्यात. शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर विविध भारती लागलंय, अजून वर्षाचंही झालेलं नाही. रेडिओवर अर्थातच भरलेला रुमाल आहे. या चाळीत उघडं काही ठेवत नाहीत. रेडिओवर रुमाल, ट्रंकेवर चादर, किटलीवर टोपडं, आरशावर पडदा, माठाच्या झाकणावर मण्यांची झालर लावलेला क्रोशाचा गोल. खोली दहा बाय बाराचीच आहे, भाड्याची आहे, भिंतीला चुना द्यायचा तो मालकानं. हलवता येणाऱ्या वस्तूंवरच काय तो बायकांचा अंमल चालतो.

“बस,” अक्का म्हणते. ती आता साठी ओलांडून गेलीय. “दोरा किती घेतलास?”

तुम्ही दाखवता.

“एवढा? कोपरापर्यंत घे. लांब दोरा गुंततो आणि घासून पिंजारतो. सहातले दोन पदर सोडव. असे नाही, एकेक वेगळा ओढ आणि मग दोन जोड.”

देठ टाका तुम्हाला शाळेत शिकवलाय, तो जमतो. दोरा कायम सुईच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे, नाहीतर देठ मध्येच मान वळवतो. अडतं ते मोराच्या तुऱ्यावर. तिथं गाठी टाके घालायचेत. सुई खालून वर काढा. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि बोटानं दोरा ताणून धरा. सुईला त्याचे दोन वेढे द्या, घट्ट नको, सैल नको. आता सुईचं टोक जिथून वर आलं त्याच्या अगदी शेजारी टोचा. त्याच भोकात टोचलंत तर गाठ आरपार खाली निघून जाते आणि तुम्ही रिकाम्या कापडाकडे बघत राहता. डाव्या हातातला ताण शेवटपर्यंत सोडायचा नाही. सुई खाली गेली, दोरा मागोमाग गेला, आणि वर मोहरीएवढा एक ठिपका बसला. अक्का त्यावरून बोट फिरवते. ठिपका हलत नाही.

“आता असे आणखी घाल. तुरा भरेपर्यंत.”

शेजारची काकूही बसायला येते, पण तिचं काम वेगळं आहे. भुलेश्वरच्या एका दुकानदाराकडून ती ब्लाउजपीस भरायला आणते, नगावर पैसे. तुमचा नियम आठवतो का? उलटं करून बघा. लांब लांब दोरे एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उड्या मारत गेलेत, गाठीही आहेत. काकूला लाज वाटत नाही. “तो काय उलटं करून बघतोय?” ती हसून म्हणते. “नगाला जेवढे देतो तेवढ्यात एवढंच बसतं.” अक्का तिला नावं ठेवत नाही. तिनं स्वतः नगावर काम केलंय. फक्त मोराकडे बोट करून हळूच म्हणते, “सेवासदनात असते तर याचे मला किती मिळाले असते, सांगू?” मामी ऐकून न ऐकल्यासारखं करते. घरातल्या अभ्र्याचा हिशेब कुणी करतं का!

संध्याकाळी मामा येतात, गॅलरीत खुर्च्या लागतात आणि द्विभाषिक राज्याचं पुढं काय, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावर रात्रीपर्यंत वाद रंगतो. आत कंदिलाएवढ्या पिवळ्या दिव्याखाली ताई डोळे ताणून मोराचा पिसारा भरतेय. मोर शनिवारी झाला पाहिजे.

रविवारी पाहुणे येतात. पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये, ट्रेवर रुमाल, रुमालाच्या चार कोपऱ्यांत गुलाब. ताई ट्रे ठेवून खाली बघत बसते. मुलगा छताकडे बघतो. मामी ठरलेलं वाक्य ठरलेल्या वेळी बोलते: “हे सगळं भरतकाम मुलीनंच केलंय हो.” हे वाक्य या गावात प्रत्येक घरात म्हटलं जातं, आणि शेजारणीकडून भरून आणलेल्या रुमालांबद्दलही म्हटलं जातं.

मुलाची आई बशा बाजूला करते, रुमाल उचलते आणि उलटा करते.

खोलीत कुणी बोलत नाही. ती चष्मा सरसावून एक कोपरा बघते, मग दुसरा. गाठ कुठंच नाही. पण एका गुलाबाचे टाके डावीकडं झुकलेत, दुसऱ्याचे उजवीकडं, आणि तिसरा किंचित सैल आहे. तो सैल तुमचा.

“तिघींचा हात दिसतोय,” ती म्हणते.

मामीचा चेहरा उतरतो. अक्का मात्र मान वर करून सरळ सांगते, “हो. तिघींनी मिळून केलंय. वेळ थोडा होता.”

“असू दे,” मुलाची आई रुमालाची घडी घालते. “एकमेकींच्या कामाला हात लावतात, हे बरंय.”

लग्न ठरतं. मोराचे अभ्रे, ‘गुड नाइट’चे अभ्रे, गुलाबाचा रुमाल, सगळं ट्रंकेत जातं. रुखवतात ते मांडलं जाईल, बायका येऊन बोट लावून बघतील आणि म्हणतील, हौस आहे हो मुलीला. तुमच्या सुट्टीतल्या दुपारी, ताईच्या रात्री आणि अक्काचे डोळे त्यात गेलेत. कापडाचे पैसे मामीनं वहीत लिहिलेत, दोऱ्याचे लिहिलेत, ट्रामचं तिकीटही लिहिलंय. दुपारींसाठी वहीत रकाना नाही.

डोंबिवली, १९८२

थोडा वेळच थांबायचंय. ताई आता चव्वेचाळीस वर्षांची, सरकारी कचेरीत कारकून, रोज लोकलनं जाते-येते. तिची खोली चाळीतल्यापेक्षा मोठी आहे, स्वतःची आहे. टीव्ही आहे आणि टीव्हीवर भरलेला रुमाल आहे. रेडिओचा मान त्याच्याकडं आला. बाकी सगळं बदललंय. उशांचे अभ्रे छापील फुलांचे, टेरीकॉटचे. भिजवा, झटका, वाळत घाला, इस्त्रीची गरज नाही. साडीवरची नक्षी मशीनवर भरलेली. १८ जानेवारीपासून मुंबईतल्या गिरण्यांचा संप चालू आहे, कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडलेत, आणि ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर गिरणगाव उठायचं त्यांतल्या कित्येक परत उघडणार नाहीत, हे अजून कुणाला माहीत नाही.

ताईची मुलगी शाळेच्या वहीत टाक्यांचे नमुने चिकटवतेय: साखळी, देठ, काज, गाठी. प्रत्येकी एक चौकोन, खाली नाव, बाईंची सही. चौकोनाच्या पलीकडे ती एकही टाका घालणार नाही.

“तू का नाही भरत आता?” तुम्ही ताईला विचारता.

“कधी भरू? सकाळी सातची गाडी.” मग ती हसते. “आणि पगार झालाय ना माझ्या दुपारचा.”

तिच्या बोलण्यात खंत शोधू नका, नाहीये. हातभरतकाम घरोघरी का होतं आणि का संपलं, याचं एवढं नेमकं उत्तर तुम्हाला दुसरीकडं मिळणार नाही. कापड स्वस्त होतं, दोरा मोजून घेतला तर परवडत होता, आणि सगळ्यांत स्वस्त होती बाईची दुपार. तिला भाव नव्हता म्हणून ती चार आण्यांच्या रुमालावर सढळ हातानं खर्च करता आली. ज्या दिवशी दुपारीला पगार लागला, त्या दिवशी रुमाल महाग झाला.

आज

परत आलात. मोबाइल उघडलात तर दिसेल की टाके पुन्हा सुरू झालेत. कापडी पिशवीवर, डेनिमच्या जाकिटाच्या पाठीवर, साध्या टी-शर्टाच्या गळ्याजवळ मुली आणि मुलगेही फुलं काढतायत. बहुतेक गोष्टी त्याच आहेत: रिंग, कार्बन, सहा पदरी दोरा. बदललंय ते एवढंच की आता कुणी बसवलेलं नाही, ज्याचं त्यानं ठरवून बसायचं आहे. अशा कामाला स्वस्त वस्तूच घ्या. रेशमावर भरलेलं कपाटात जातं, पिशवीवर भरलेलं भाजी आणायला बाहेर पडतं. कापड आधी धुऊन घ्या, दोरा कोपराएवढा ठेवा, गाठ मारू नका, इस्त्री उलट बाजूनं करा. धुण्याला भिऊ नका. नीट घातलेला टाका बहुधा कापडाआधी विरत नाही.

आणि एक मागणं आहे. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात बचत गटाच्या एखाद्या ताईंच्या टेबलावर हातानं भरलेली पिशवी दिसेल, भाव ऐकून तुम्ही चमकाल आणि जिभेवर येईल की साध्या पिशवीचे एवढे पैसे कशाचे? घासाघीस करण्याआधी विचारा: किती तास लागले? ताई सांगतील. पिशवीची, दोऱ्याची किंमत वजा करा, उरलेल्याला तासांनी भागा, आणि तेवढ्या पैशांत तुम्ही स्वतः एक तास मान मोडून बसला असता का, ते बघा. नसता बसला, तर सांगतील तो भाव द्या. बाईच्या दुपारी आपण पुष्कळ वर्षं फुकट वापरल्यात.